पाच मिलिग्रॅमच्या आसपास

रबाळ्याच्या कारखान्यात मी लाल रंग तपासते.
छटा, ओलावा, राख, बॅच नंबर.
पिंपं भरून तो सुरतेला जातो,
कुणाच्या तरी साडीत उतरतो,
आणि मी साडेपाचला कार्ड पंच करून
घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
नखांतला गुलाबी न घासता
दोन फुटी काचेपुढे बसते.

इथे माझं काही चालत नव्हतं.
रोटाला म्हणून आणलेली काडी
पिशवीत होती तेव्हा डाळिंबाची साल,
आठव्या दिवशी मेथी.
फक्त शेंड्याला जराशी लाज उरलेली.

मग मी तेच केलं जे आमच्यात करतात.
आणखी वाढलं.
नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश, रोज एकेक झाकण,
आणि लोह तर हात सैल सोडून.
लाल व्हायचं तर लोह, बीट, गूळ-शेंगदाणे,
हे आईचं वैद्यक.
काचेवर शेवाळ चढलं,
एक निऑन मासा चार दिवस दिसला नाही,
काडी अजून हिरवी झाली.
मजेत.

हसुराम मढवी शाळेमागे माशांचं दुकान लावतो.
पान उजेडात धरून म्हणाला,
"बाय, ह्यो उपाशी नाय.
ह्यो जेवून सुस्तावलाय."

तेव्हा कुठे मी नळी काढली. पाच एमएल पाणी,
दोन बाटल्यांचे थेंब, पाच मिनिटं.
नळी लालभडक. चाळीस.
हसू आलं: नळी लाल म्हणून झाड हिरवं,
दोघांत एकच लाल, आणि तो चुकीच्या जागी.

दर रविवारी निम्मं पाणी.
मोरब्याचं, सकाळी आलेलं, रात्रभर बादलीत निवलेलं.
नायट्रेटचं झाकण बंद.
बाकी सगळं चालू:
आठ तास दिवा, सेकंदाला दोन बुडबुडे गॅस,
लोह चमच्याच्या टोकाएवढं, पण रोज.
तिसऱ्या आठवड्यात शेंडे तांबूस झाले,
आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखे.
पाचव्यात मी दिवा लावला
आणि चहा ओट्यावरच राहिला.

हे मी कँटीनमध्ये सांगितलं. सांगायला नको होतं.
पगारवाढीच्या मीटिंगला ओगले साहेब उभे राहिले,
म्हणाले, आपल्या लॅबच्या मॅडमकडून शिका.
खत तोडलं तेव्हा झाड लाल झालं.
यंदा थोडी ओढाताण आहे,
पण टंचाईतच माणसाचा खरा रंग दिसतो.
टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या,
हात मोकळे होते म्हणून.

साहेब, मी एकच गोष्ट कमी केली.
तीही पाचपर्यंत. शून्यावर नाही.
शून्य मी पाहिलंय, गणपतीत गावी गेले तेव्हा:
खालची पानं काचेसारखी पातळ,
दांडा काळा, हात लावला तर सुटून वर आला.
तोही आधी लालच झाला होता.
दोन दिवस तर फार सुंदर.
आणि दिवा मी कधी कापला नाही,
आणि रोज रात्री कुणीतरी
समोर बसून बघत होतं.

हे सगळं मी बसस्टॉपवर म्हटलं,
वाशीची बस येईपर्यंत,
मनात, एकदा हळू, एकदा जोरात.

घरी नळी भरली. जवळजवळ पिवळी.
दोन असेल. दोन म्हणजे कमी.
सिरिंजमध्ये एक एमएल ओढलं,
मग अजून थोडं,
आणि पाण्यात सोडताना पाहिलं:
तो निऑन,
ज्याला मी मेलेला धरलं होतं,
लाल पानाआडून बाहेर आला,
माझ्याकडे न बघता
कोपऱ्यात निघून गेला.